गोजराबाईची उत्तरतालिका

"सत्तेचाळीस?" गोजराबाईनं विचारलं.

"सी," गौतमी म्हणाली.

गोजराबाईनं पुस्तकाचं सुटं झालेलं शेवटचं पान हातभर लांब धरलं, बोट ओळीवरून सरकवत सत्तेचाळिसाशी आणलं आणि मान हलवली. "न्हाई. सूप हाय."

"डी? थांबा आत्या, परत करते."

मागल्या पडवीत हा उद्योग गेल्या दिवाळीपासून चालला होता. दुपारची भांडी झाली, गोजराबाईचे मालक हैबतराव पुढच्या खोलीत आडवे झाले, की सासूसुना चटई टाकून बसायच्या. गोजराबाईला वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे कॅलेंडरावरून आणि मोबाइलवरून ओळखीचे झालेले. पण उत्तरतालिका तपासायला अक्षरं चारच लागतात, ती तिनं दोन दिवसांत पाठ केली. ए म्हणजे तिवई. बी म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन गाठोडी. सी विळा, डी सूप. तेवढ्यावर तिनं सुनेकडून इंग्रजी-गणिताचे हजारो प्रश्न घोटून घेतले होते.

इंग्रजीचं काही अडलं तर वरच्या खोलीत ज्ञानदा होती. उदगीरची पोर, हिंजवडीला कंपनीत कामाला, इथं रिहे गावात भाड्यानं राहिलेली. रविवारी जिन्यात बसून ती समजावून सांगायची, की सीनियरच्या पुढं दॅन येत नाही, टू येतं. मग गौतमी आठवडाभर धुणं धुताना पुटपुटायची, "सीनियर टू, ज्युनियर टू, प्रिफर टू." गोजराबाईला आधी वाटलं होतं, पोरगी कसलं तरी स्तोत्र म्हणतेय.

पुस्तक निरंजनचं होतं. गोजराबाईच्या धाकट्याचं, गौतमीच्या नवऱ्याचं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात, लावण्या उरकल्यावर, त्याला ताप भरला. चिखलाच्या पाण्यातून येणारा ताप तो. चार दिवस सगळ्यांनी साधा समजला आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात नेताना घोटावडे फाट्याच्या पुढं, गाडीतच, सगळं संपलं. बत्तीस वर्षांचा होता. मूलबाळ नव्हतं. मागं राहिलं ते हे पुस्तक, त्यात पेन्सिलीनं केलेली त्याची उत्तरं. गौतमीनं ती खोडली नव्हती. प्रश्न सोडवताना ती त्यांच्यावर एक जुनं पोस्टकार्ड धरायची आणि आपलं उत्तर सांगून झालं की कार्ड बाजूला करायची.

"त्यानं काय लिवलं व्हतं?" गोजराबाई दर वेळी विचारायची. त्याचं बरोबर असलं की ती काही बोलायची नाही, नुसता पुढचा आकडा वाचायची; पण आवाज बदलायचा.

निरंजननं एकदा हेच पुस्तक तिच्यापुढं धरलं होतं. आये, जरा उत्तरं बघ म्हणाला होता. माजं हात खरकटं हायेत, असं सांगून ती उठून गेली. हात कोरडे होते. पोरापुढं अडाणी दिसायची लाज वाटली होती, एवढंच.

"एक्कावन्न," गौतमीनं वाचलं. "बारा बायका एक शेत आठ दिवसांत लावतात. चार बायका आल्याच न्हाईत, तर किती दिवस लागतील?"

"बारा," गोजराबाई म्हणाली. पान न बघता.

गौतमीनं कागदावर मांडलं. बाराच आले.

"ह्यात मांडायचं काय? औंदा वरल्या खाचरात हेच झालं न्हवं का. त्यानं काय लिवलंय?"

गौतमीनं कार्ड सरकवलं. "पाच पूर्णांक एक तृतीयांश. म्हंजे सव्वापाच दिवस धरा."

गोजराबाई हसली. "येडं बेणं. मानसं कमी झाल्यावर काम बिगी उरकंल व्हय? मानूस कमी झालं की दिस वाढत्यात."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. मग गोजराबाई म्हणाली, "बावन्न?" आणि गौतमी पुढं गेली. त्रेपन्न झाला, चोपन्न झाला, पंचावन्न झाला आणि एकदम सत्तावन्न आला. मधला आईच्या आणि मुलाच्या वयाचा होता. आज आई तिप्पट, अमुक वर्षांनी दुप्पट. तसली गणितं गौतमी एकटी असताना करायची. गोजराबाईनं कधी विचारलं नाही, पण कुठले आकडे सुटतात ते तिला कळत होतं.

हॉलतिकीट शुक्रवारी आलं. ज्ञानदानं ते कंपनीतून छापून आणलं. तलाठी भरतीचा पेपर पुढच्या गुरुवारी, सकाळी नऊला. सेंटर नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडं. साडेसातला दारात हजर. गौतमीनं तारीख वाचली आणि कॅलेंडरापाशी जाऊन उभी राहिली. गुरुवारी श्रावण वद्य षष्ठी होती. निरंजनची तिथी.

"मी बोलते ह्यांच्याशी," गोजराबाई म्हणाली होती. शुक्रवार गेला, रविवार गेला, बुधवार उजाडला, तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

बुधवारी दुपारी पिंकी आली. ही गोजराबाईची लेक, निरंजनहून मोठी. कासारसाईहून स्कूटीवर, पुढं लाल भोपळा आणि गवारीची पिशवी ठेवून. इंद्रजित, थोरला, आधीच येऊन बसला होता. गावातल्या सात बंगल्यांच्या चाव्या त्याच्याकडं असायच्या. शनिवार-रविवारी शहरातून माणसं येत, बाकीचे पाच दिवस बंगले आणि बागा त्याच्या हवाली. त्याची बायको जया आत उडदाची डाळ निवडत होती. हैबतराव सुपारी कातरत होते.

"सतरा पानं धरा," इंद्रजित म्हणाला. "भटजी साडेअकराला येत्यात. मला नऊपास्नं सोवळ्यात बसवू नगा, मी दहाला आंघोळ करीन."

गौतमी दारात येऊन उभी राहिली. गोजराबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तिला कळलं, की आता ही वाट बघायची नाही.

"मामा," सासऱ्याला ती मामा म्हणायची, "उद्या माझा पेपर हाय."

अडकित्ता थांबला. "कसला पेपर?"

"तलाठ्याचा. साडेसातला वाघोलीजवळ पोचायचंय. दुपारी परत येते."

"उद्या काय हाय ते म्हाईत हाय न्हवं तुला?" इंद्रजित म्हणाला.

"म्हाईत हाय, दादा."

"आन् तरी जानार तू?"

हैबतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. "पोरी, तुज्या शिकन्याला मी कवा आडवा आलो न्हाई. पर तिथी काय आपल्या हातात नसती. परीक्षा फिरून येती."

"न्हाई येत, मामा. ही भरती चार वर्षांनी निघाली. मला चौतिसावं लागलंय. फिरून निघंपर्यंत वय बसायचं न्हाई. माझी ही एकच हाय."

आतून डाळीचा आवाज थांबला.

"मग जाऊ दे की तिला, आबा," पिंकी म्हणाली. "निरंजन असता तर त्यानंच गाडी काढली असती."

"तो असता तर ही तिथी तरी कसली आली असती?" इंद्रजित म्हणाला. "उद्या पावणे इचारतील, बायको कुटं हाय? काय सांगू? परीक्षेला गेली? वर्षातनं एक दिस हाय त्याचा. येकच."

"तुला पानाची काळजी हाय का सातबाऱ्यावरच्या नावाची, दादा? ती नोकरीला लागली, भाईर पडली, की वाट्याचं काय, हा घोर लागलाय तुला."

इंद्रजितचे कान तांबडे झाले. "जिभंला हाड न्हाई तुज्या. त्याला मांडीवर घिऊन बसलो व्हतो मी गाडीत. तू न्हवतीस."

"पुरं करा," गोजराबाई म्हणाली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "मला शुक्रवारपास्नं म्हाईत हाय. मी सांगनार व्हते तुमाला. धीर झाला न्हाई. पर जाऊ द्या तिला. पान मी ठेवीन, माजा बी ल्योकच हाय त्यो. ती आली का नमस्कार करंल."

हैबतराव काहीच बोलले नाहीत. हैबतराव बोलले नाहीत म्हणजे निम्मा होकार, हे चाळीस वर्षांच्या संसारात गोजराबाईला ठाऊक झालं होतं. गौतमीच्या खांद्यावरचा ताण जरा उतरलेला तिला दिसला. तेवढ्यात इंद्रजितनं कोनाड्यातलं हॉलतिकीट उचललं. वेळ बघायला उचललं असेल. वरून खाली वाचत गेला आणि मध्येच थांबला.

"हे काय? रत्नागिरी?"

"सेंटर वाघोलीला हाय म्हणली की ती," पिंकी म्हणाली.

"सेंटर न्हवं. अर्ज रत्नागिरी जिल्ह्याचा हाय. पास झाली तर नोकरी तिकडं." त्यानं कागद पिंकीपुढं धरला. "वाच."

पिंकीनं वाचलं. "वहिनी?"

"व्हय," गौतमी म्हणाली.

"पुण्याचा का न्हाई भरलास?"

गौतमीनं हॉलतिकिटासाठी हात पुढं केला. पिंकीनं कागद खाली ठेवला. "तू हाईस हितं, म्हणून मी तिकडं निवांत झोपते. आईचं गुडघं, आबांचा डोळा, समदं तू बघतीस म्हणून. आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस. मी येडी, तुज्या बाजूनं भांडतीया." ती उठली आणि इंद्रजितच्या शेजारी जाऊन बसली. मघाशी ज्याला घालूनपाडून बोलली त्याच्याच शेजारी.

हैबतरावांनी गोजराबाईला विचारलं, "हे बी ठावं व्हतं तुला?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाली. ती उठली, कोपऱ्यातली परात घेतली आणि अळूची पानं काढायला मागच्या दारानं निघून गेली.

मोरीचं पाणी जिथं जिरायचं तिथं अळू माजला होता. गोजराबाई एकेक पान बघून देठापासून खुडत होती. वड्यांना कोवळी पानं लागतात, पण आज ती जून पानंही परातीत टाकत होती. पलीकडं खाचरांत भात गुडघाभर उभं होतं आणि त्याच्या पलीकडं, एके काळी ज्या माळावर त्यांची जनावरं चरायची, तिथं कुणाच्या तरी बंगल्याचं लाल छप्पर दिसत होतं. पायरव आला, तरी तिनं मान वळवली नाही.

"आत्या."

"इळा न सूप बघत बसले मी," गोजराबाई म्हणाली. "कुटल्या गावाला जायचा अभ्यास चाललाय, ते इचारायचं ध्यानातच आलं न्हाई माज्या."

"मी सांगणार व्हते."

"कवा? येष्टीत बसल्यावर?"

गौतमी मोरीच्या दगडावर बसली. तिनं परातीतली जून पानं निवडून बाजूला ठेवायला सुरुवात केली. "पुण्याला लागत न्हाई, आत्या. तितं लई पोरं भरत्यात. मी ज्ञानदाच्या लॅपटॉपवर मागच्या भरतीच्या याद्या काढून बघितल्या. म्हणून मग..." ती थांबली.

"कसल्या याद्या?"

"कसल्या न्हाई."

"बोल, गौतमे."

गौतमीनं हातातलं पान खाली ठेवलं. "ह्यांच्या परीक्षेच्या. दोनदा बसले ते. दोन्ही बारीला पुणंच भरलं. दुसऱ्या बारीला दोन मार्कांनी गेले. त्याच साली रत्नागिरीला त्यांच्यापेक्षा सहा मार्क कमी असलेली पोरं बी लागली."

गोजराबाईचा हात देठावर तसाच राहिला. "मग त्यानं तिकडला का न्हाई भरला?"

"मी म्हटलं व्हतं तवा."

"मग?"

"म्हणले, आईला करमायचं न्हाई."

बोलल्याबरोबर गौतमीनं पदर तोंडाला लावला. "मी हे कवाच सांगणार न्हवते, आत्या. मरंपर्यंत सांगणार न्हवते. आज तुमी तसं उठून आला म्हणून तोंडातनं गेलं."

गोजराबाई खाली बसली, तिथंच, ओल्या मातीत. तिला रत्नागिरी ठाऊक नव्हती. कसलं तरी कौलारू ऑफिस तिच्या डोळ्यांपुढं आलं, एक टेबल, वर पंखा, आणि टेबलाच्या मागं निरंजन, पांढऱ्या शर्टात. टेबलाखाली त्याचे पाय तिला दिसले. मोज्यात, बुटात. श्रावणाचे दिवस, इकडं सगळा गाव चिखलात, आणि तिकडं त्याचे पाय कोरडे.

"मी त्याला कवा म्हनले व्हते, जाऊ नगं म्हनून?"

"न्हाई म्हणला तुमी."

"मग?"

गोजराबाईलाच उत्तर माहीत होतं. परीक्षेला म्हणून तो दोन दिवस पुण्यात राहिला, तर ती दोन्ही संध्याकाळी रस्त्याला जाऊन उभी राहायची. परत आला की म्हणायची, घर खायला उठलं व्हतं रे. कौतुकानं म्हणायची. जाऊ नकोस असं तिला म्हणावंच लागलं नव्हतं.

बंगल्यावरचा कुत्रा भुंकून थांबला.

"तुला हितं काय कमी पडलं का?" तिनं विचारलं. रागानं नाही, माहिती असावी म्हणून.

"न्हाई, आत्या. पर हितं मी ह्यांची बायको हाय. सकाळी उठल्यापास्नं झोपंपर्यंत. समदी माझ्याकडं बघून हळहळत्यात." गौतमी देठ सोलत बोलत होती. "गणित सोडवताना तेवढा वेळ मी कुनाची कोन नसते. बरोबर आलं तर बरोबर, चुकलं तर चूक. मला ते आवडतं. तुमाला सोडून जायचं म्हणलं की जीव तुटतो माझा. पर ते आवडतं."

गोजराबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. ह्या पोरीशी बोलताना निरंजनचं नाव काढलं तरी घरातली हवा बदलत नव्हती. बाकी सगळ्यांपुढं ते नाव काढलं की कुणी उठून जायचं, कुणी विषय बदलायचं. ही गेली की त्यानं काय लिवलं व्हतं, असं विचारायला माणूसच उरणार नव्हतं. म्हणजे आपण हिला ठेवून घेतोय ते त्याच्यासाठी. आणि त्याला ठेवून घेतलं ते आपल्यासाठी.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "पानं धुवून घे," म्हणाली आणि घरात गेली.

पुढच्या खोलीत तिघंही तशीच बसली होती.

"इंद्रजित, पाचला गाडी काढ," गोजराबाई म्हणाली. "तिला साडेसातच्या आत पोचव आन् दहाला माघारी ये."

"आये, तुला कळतंय का ती कुटं निघालीया ते?"

"कळतंय. रत्नागिरीला."

"मग?"

"मग पाचला गाडी काढ."

"मला जमायचं न्हाई," इंद्रजित म्हणाला. "गर्दीत अडकलो तर श्राद्धाला कोन बसंल?"

हैबतराव उठले. खुंटीवरची गाडीची किल्ली त्यांनी काढली आणि खिशात टाकली. "मी नेतो."

"आबा, डोळ्याचं आपरेशन होऊन महिना झाला न्हाई. तुमाला समोरचा बैल दिसत न्हाई."

"मग तू ने." त्यांनी किल्ली खिशातून काढून पुढं धरली. "तुजी आय म्हंतीया तर काय तरी असंल. मी इचारत न्हाई, तू बी इचारू नगंस."

इंद्रजितनं किल्ली घेतली नाही, तेव्हा आतून जया बाहेर आली. ही बाई घरातल्या वादात कधी पडायची नाही. गोजराबाईला तिचा आवाज चार दिवसांनी एकदा ऐकू यायचा. ती नवऱ्याला म्हणाली, "वड्या मी करते, खीर मी करते, वडे मी तळते. गौतमीची कामं समदी मी वढते. तुमी निस्ती गाडी चालवा."

इंद्रजितनं बायकोकडं पाहिलं. मग किल्ली घेऊन बाहेर गेला आणि अंगणात बराच वेळ गाडीची काच पुसत राहिला.

पिंकी गौतमीशी बोलली नाही. संध्याकाळी नाही, जेवताना नाही. पण पहाटे गोजराबाई चहा ठेवायला उठली, तेव्हा पिंकी चुलीपुढं बसून पाण्याच्या एका बाटलीवरचा कागद नखानं खरवडून काढत होती. परीक्षेला आरपार दिसणारी बाटली लागते, असं हॉलतिकिटावर लिहिलं होतं. तिनं बाटली भरली, गौतमीच्या पिशवीत ठेवली आणि परत जाऊन अंथरुणावर पडली.

दुपारी पाहुणे जमले. इंद्रजित दहाला परत आला होता. काही न बोलता आंघोळ करून पाटावर बसला. कोळवणची चुलतसासू, वयानं ऐंशीच्या पुढची, जेवायला बसता बसता म्हणाली, "धाकटी दिसत न्हाई कुटं?"

"परीक्षेला गेलीया," गोजराबाई म्हणाली.

"आज?"

"आज."

"आन् तू धाडलीस?"

"धाडली."

म्हातारीनं आजूबाजूला बघितलं. इंद्रजित पुढं झाला आणि त्यानं तिच्या पानात वडा वाढला. "घ्या, आजी," तो म्हणाला. "गरम हाय."

पाहुणे उठले, भांडी झाली, तरी गोजराबाई जेवली नव्हती. साडेतीनच्या एसटीनं गौतमी उतरली. उन्हानं तोंड तांबडं झालेलं, केस विस्कटलेले. आधी तिनं फोटोला नमस्कार केला आणि बराच वेळ वाकून राहिली. मग गोजराबाईनं दोघींची पानं मांडली.

"कसा गेला?"

"चांगला गेला, आत्या," गौतमी म्हणाली. "गणितातलं एकच सुटलं. इंग्रजी तर वेळेच्या आधी झालं."

ती भराभरा जेवत होती, घास तोंडात असताना बोलत होती. कसला कॉम्प्युटर होता, शेजारी जुन्नरची एक बाई होती, तिला दोन लेकरं होती, बाहेर पडल्यावर दोघींनी उसाचा रस पिला. तीन वर्षांत गोजराबाईनं तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं. ऐकताना तिचा घास हातातच राहिला आणि पोरीच्या तोंडावरून तिची नजर हलेना. निकाल लागायला अजून तीन-चार महिने होते. गोजराबाईला त्या जेवणातच तो कळला.

"वडी घे आणखी," ती म्हणाली. "जयानं केल्यात."

यादी मार्गशीर्षात लागली, भात घरात आल्यावर. गौतमीचं नाव बाविसावं होतं. फाल्गुनात पत्र आलं. राजापूरच्या बाजूचं कुठलं तरी गाव. इंद्रजितनं नकाशावर शोधून सांगितलं, की तिकडं पण भातच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी पिंकी आली. तिनं गौतमीला गच्च धरलं आणि दोघी रडल्या. काय बोलायचं राहिलं होतं ते तसंच राहिलं. इंद्रजितनं ट्रंक डोक्यावर घेऊन थांब्यापर्यंत नेली. धाकट्या भावजयीचं सामान थोरल्या दिरानं असं उचललेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. हैबतराव नव्या चष्म्यातून रस्त्याकडं बघत उभे होते.

गोजराबाईनं गौतमीला जरा बाजूला घेतलं.

"तितं कुनी इचारलं, मालक काय करत व्हते, तर काय सांगशील?"

"काय सांगू?"

"शेती करत व्हता म्हन. परीक्षेचं नगं काढू. नापास झाला म्हनतील."

गौतमीनं सासूचा हात दोन्ही हातांत घेतला. "तितं ते पास हायेत, आत्या."

एसटी आली. ट्रंक वर चढली, गौतमी खिडकीपाशी बसली, कंडक्टरनं दोर ओढला. गाडी घोटावड्याच्या दिशेनं निघाली, देवळापुढून गेली आणि वळणावर झाडीत दिसेनाशी झाली. पिंकी डोळे पुसत घराकडं वळली. इंद्रजितही गेला; बंगल्यावर कुणीतरी यायचं होतं.

"चल," हैबतराव म्हणाले.

"जरा थांबा," गोजराबाई म्हणाली. "वळणाच्या पल्याड चढ हाय. तितं परत दिसती ती."

हैबतराव थांबले. दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि गोजराबाईनं उन्हाला हात आडवा धरला.